टेबलाचं खालचं टोक

पहिलं वर्षभर मी बॅगपाइपला हातही लावला नव्हता. बँडमध्ये होते, दर गुरुवारी संध्याकाळी सात ते नऊ हॉलवर जात होते, घरी येताना बोटं आखडलेली असायची. पण ती पिशवी, खांद्यावरून डोकावणाऱ्या तीन नळ्या, ते सगळं लटांबर काही माझ्या वाट्याला आलं नव्हतं. आईने फोनवर विचारलं, "मग तू नक्की वाजवतेस तरी काय?"

"चँटर."

"म्हणजे?"

"पिपाणीसारखं असतं."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "जत्रेतली?"

तिचं फारसं चुकलं नव्हतं. हातभर लांबीची काळी प्लॅस्टिकची नळी, तोंडाशी बारीक, आत प्लॅस्टिकचीच रीड, समोर सात भोकं आणि मागे अंगठ्यासाठी एक. आवाज म्हणाल तर सर्दी झालेल्या बदकाचा.

आम्ही राहतो फाइफमध्ये. एडिंबराहून फोर्थची खाडी ओलांडली की उत्तरेला लागतो तो फाइफ. आमचं गाव जुनं खाणकामगारांचं. कोळसा जमिनीत अजून आहे म्हणतात, काढणारं कुणी उरलं नाही. स्कॉटलंडमधली शेवटची खोल खाण, लाँगॅनेट, २००२ मध्ये पाणी शिरल्यावर बंद झाली. इथून जवळ लॉखोर मेडोजमध्ये मेरी नावाच्या खाणीचा काँक्रीटचा मनोरा अजून उभा आहे. त्याच्या पायथ्याशी आता तळं, बदकं आणि सायकली चालवणारी पोरं. गावात एक चिप्सचं दुकान, एक न्हावी, कायम बंद असलेली बँकेची इमारत, मायनर्स वेल्फेअरचा, म्हणजे खाणकामगारांसाठी बांधलेला हॉल आणि त्या हॉलमध्ये सरावाला येणारा पाइप बँड.

खरं तर बँडमध्ये जायचं होतं माझ्या लेकाला. तो तेव्हा नऊ वर्षांचा. जूनमध्ये इथे गावोगाव गाला डे असतो, गावजत्राच म्हणा. शाळेतल्या एका मुलीला राणी करतात, सजवलेल्या ट्रकमधून मिरवतात आणि सगळ्यांच्या पुढे बँड. ते बघून चिरंजीवांनी हट्ट धरला. मी हॉलवर जाऊन पाइप मेजरना फी विचारली. पाइप मेजर म्हणजे बँडचा प्रमुख. सगळे त्यांना पाइपी म्हणतात, अगदी दहा वर्षांची पोरंसुद्धा. मला सत्तरीच्या माणसाला अशी हाक मारणं जड जायचं. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणायचे, अजूनही म्हणते. ते म्हणाले, "फी नाही. वाद्य बँडचं, शिकवणं फुकट. शिकून झालं की मागून येणाऱ्याला शिकवायचं."

मला ते नुसतं बोलणं वाटलं.

तीन आठवडे मी मागच्या खुर्चीवर फोन बघत बसले. चौथ्या गुरुवारी काकांनी माझ्याही हातात एक चँटर ठेवला. "इथे नुसत्या बघ्यांना चहा मिळत नाही." दोन महिन्यांत लेक चँटरला कंटाळून ढोलकऱ्यांच्या खोलीत पळाला आणि रबरी पॅडवर काठ्या बडवायला लागला. मी मात्र अडकले ती अडकलेच.

शिकणं चालतं एका लांब टेबलाभोवती. हॉलच्या मधोमध फोल्डिंगची तीन टेबलं एकाला एक लावतात. वरच्या टोकाला पाइपी, त्यांच्या आजूबाजूला मुरलेले पायपर आणि खालच्या टोकाला, रेडिएटरपासून सगळ्यात लांब, शिकाऊ मंडळी. माझ्या शेजारी एक अकरा वर्षांची मुलगी आणि एक निवृत्त बसचालक. सगळे चँटरवर एकत्र वाजवतात, टेबलाखाली डाव्या पायांचा ठेका चालू असतो. वय, नोकरी, गाडी कुठली याला काही अर्थ नाही. तुम्ही टेबलावर कुठे बसता त्यावरून तुमची इयत्ता कळते. वर सरकायला कुणी सांगत नाही. एखाद्या गुरुवारी आपल्या नेहमीच्या खुर्चीत भलतंच कुणी बसलेलं असतं आणि पुढची एक खुर्ची रिकामी असते, एवढंच.

लहानपणी मी पेटी शिकले होते, मध्यमा प्रथमपर्यंत. त्यामुळे सूर सोपे जातील असा माझा समज. आणि सूर सोपे गेलेही, कारण आहेतच मुळी नऊ. लो ए हा सा धरला तर रे, ग, म, प, ध सगळे शुद्ध, नी कोमल, वर तार सा आणि सा च्या खाली एक मंद्रातला कोमल नी. संपलं सप्तक. अहो, हा तर खमाज! पहिल्या दिवशी मी मनातून इतकी खूश झाले की घरी येऊन पेटी उघडली आणि सूर जुळवायला बसले. जुळेना. कागदावर ए लिहिलेला सूर खऱ्या पाइपवर वाजतो तो काळी पाचच्याही जरा वर. शिवाय हे सूर पियानोच्या पट्ट्यांना बांधलेले नाहीत, ते ड्रोनशी, म्हणजे खांद्यावरच्या त्या तीन नळ्यांच्या अखंड सुराशी जुळवतात. आपण तंबोऱ्याशी गळा मिळवतो तसं. तीन ड्रोनपैकी दोन मंद्र सा धरतात, तिसरा त्याच्याही खालचा खर्ज. पंचम नाही. पण चँटरचा प ड्रोनवर बरोबर बसला की हॉलची खिडकी गुणगुणायला लागते.

अवघड आहे ते पुढे. बासरीवर किंवा सनईवर जिभेने सूर तोडता येतो. बॅगपाइपमध्ये पिशवीतली हवा सतत वाहते, सूर तोडायची सोयच नाही. हळू वाजवता येत नाही, जोरात वाजवता येत नाही, थांबता तर येतच नाही. मग एकच सूर लागोपाठ दोनदा कसा दाखवायचा? मधे दुसऱ्या सुराचा निमिषभर टोला द्यायचा. त्याला ग्रेसनोट म्हणतात. आपल्याकडचा कणस्वरच, फक्त आपला कण अत्तरासारखा लावतात आणि इथला सुरीसारखा. काका म्हणायचे, "बोट उचलू नकोस. तापलेल्या चुलीला लागल्यासारखं काढून घे." जी, डी, ई अशा साध्या ग्रेसनोटपासून सुरुवात, मग डबलिंग, मग ग्रिप, मग बर्ल. बर्ल म्हणजे उजव्या करंगळीने सर्वांत खालच्या भोकावर पापणी लवायच्या आत दोनदा फटकारा. माझ्या करंगळीने चाळीस वर्षं चहाचा कप धरताना बाजूला उभं राहण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं. सात महिने मी बसमध्ये, मीटिंगमध्ये, भाजी ढवळताना करंगळी मांडीवर घासत होते. नवऱ्याला वाटलं खाज आहे, त्याने मलम आणून दिलं.

काका चाल शिकवताना आधी गाऊन दाखवतात. हिन, डिन, डॅ, होडिन असं काहीतरी. मला आधी हसू यायचं, मग एकदा विचारलं तर त्यांनी चहा गार होईपर्यंत सांगितलं. याची मूळ पद्धत म्हणजे कानटारॅख्ट. नोटेशन छापायला लागायच्या आधी चाली तोंडीच शिकवायचे, प्रत्येक सुराला आणि प्रत्येक अलंकाराला ठरलेलं अक्षर. तबल्याचे बोल म्हणा ना. स्काय बेटावर डनव्हेगनच्या मॅकलाउड सरदारांकडे मॅकक्रिमन घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पायपर झाले. त्यांच्या बोरेरेगच्या घरी लांबून लांबून लोक शिकायला यायचे, ते असंच ऐकून ऐकून. कॉलिन कॅम्बेल नावाच्या माणसाने १७९७ मध्ये ही अक्षरं वहीत उतरवून ठेवली, ती वही आजही अभ्यासतात. तिथलं संगीत म्हणजे केओल मोर, मोठं संगीत: विलंबित, एकट्याने वाजवायचं, एक चाल दहा-पंधरा मिनिटं उलगडत जाणारी. आम्ही बँडवाले वाजवतो ते केओल बेग, छोटं संगीत, कूच करायच्या आणि नाचाच्या चाली: मार्च, स्ट्राथस्पे, रील, जिग. मी म्हटलं, ख्याल आणि नाट्यगीत. काकांना दोन्ही शब्द माहीत नव्हते, पण त्यांनी मान डोलावली.

हॉलच्या भिंतीवर फोटो आहेत. सगळ्यात जुन्यात दाढीमिश्यांचे बारा जण आणि एक कुत्रा. मी तोवर असं धरून चालले होते की ही सगळी परंपरा हजार वर्षांची असणार. किल्ट, रांगा, ढोल. तसं नाही. पाइप जुने आहेत, बँड त्या मानाने कालचे. ब्रिटिश सैन्याने १८५४ मध्ये हायलँड, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पलटणींना अधिकृतपणे पाइप मेजर आणि पाच पायपर मंजूर केले. पलटणीत ढोलवाले होतेच, दोघे एकत्र चालायला लागले आणि त्यातून आजचं रूप आलं. नागरी बँड त्यानंतरचे. ग्लासगोजवळच्या गोव्हन पोलिसांचा १८८३ चा, फॉल्कर्कजवळचा वॉलेसस्टोनचा १८८७ चा. मग खाणी, गिरण्या, जहाजांचे कारखाने, जिथे पाळ्यांमध्ये काम करणारी माणसं आणि जवळ एखादा हॉल होता तिथे बँड निघाला. शॉट्स अँड डाइकहेड हा जगभर नाव झालेला बँड १९१० चा, लॅनार्कशरच्या कोळशाच्या पट्ट्यातला. या सगळ्यांची संघटना १९३० मध्ये झाली. म्हणजे तुम्हीआम्ही ज्याला प्राचीन स्कॉटलंड समजतो त्यातलं बरंचसं सैन्याची शिस्त आणि कामगारांची संध्याकाळ यांच्या जोडणीतून आलेलं आहे. मला ते कळल्यावर बँड जास्त आवडायला लागला.

दुसरी एक समजूत काकांनीच मोडली. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत हायलँडमधल्या बंडखोरांचा पराभव झाल्यानंतर इंग्रजांनी बॅगपाइपवर बंदी घातली, असं मी कुठेतरी वाचलं होतं. ते म्हणाले, कायदा काढून वाच. शस्त्रांवर बंदी आहे, हायलँडच्या पोशाखावर आहे, पाइपचा उल्लेख नाही. मात्र त्याच वर्षी यॉर्कला जेम्स रीड नावाच्या पायपरवर खटला चालला. तो म्हणाला, मी शस्त्र उचललं नाही, मी फक्त वाजवलं. न्यायालय म्हणालं, हायलँडची पलटण पायपरशिवाय कूच करत नाही, तेव्हा पाइप हे लढाईचंच हत्यार. फाशी दिली. "म्हणजे बंदी नव्हती," काका म्हणाले, "फक्त वाजवलं तर लटकवत होते." आणि बिस्किट चहात बुडवलं.

मोठ्या बास ड्रमवर असलेले आजोबा आमच्यातले सगळ्यात वयस्कर. सोळाव्या वर्षी खाणीत उतरलेले. पूर्वी खाणकामगारांच्या आठवड्याच्या पगारातून बँडसाठी काही पेन्स कापले जायचे, तेवढ्यावर ढोलांची कातडी आणि बसचं भाडं निघायचं. १९८४ चा खाणकामगारांचा संप झाला तेव्हा पगारच थांबले. याच हॉलच्या स्वयंपाकघरात वर्षभर सुपाचे टोप चढत होते, आता जिथे आमची किटली असते त्या ओट्यावर. मार्च १९८५ मध्ये संप हरून लोक कामावर परत निघाले तेव्हा पुढे एक पायपर होता, असं आजोबा सांगतात. मी विचारलं, काय वाजवत होता? त्यांना आठवत नव्हतं. पाऊस होता आणि पाइप फार बेसूर होते, एवढं आठवत होतं.

आता पैसे येतात ते लग्नांतून, २५ जानेवारीच्या बर्न्स सपरमधून, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सच्या वाढदिवसाच्या जेवणातून, तिथे हॅगिसची, मेंढीच्या काळीज-फुप्फुसांच्या खिम्याची, थाळी पायपरच्या मागोमाग वाजतगाजत आणतात. आणि सुपरमार्केटच्या काउंटरवर गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरून देण्यातून. हो, किल्ट घालून. शनिवारी सकाळी बटाटे खाली, अंडी वर, शेजारी डबा. माझ्या पुण्यातल्या भावाला हे सांगितलं. तो ढोलताशा पथकात आहे. त्याला फार लागलं ते. "आमच्याकडे अजून इतकी वेळ आली नाही," म्हणाला.

टेबलावर एक गोष्ट मात्र वाजत नाही, ते मला चुकूनच कळलं. 'फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट' ही चाल मला ऐकून आवडली होती, घरी बसवली होती. चहाच्या सुट्टीत मी चँटरवर सुरू केली. चार सूर झाले असतील. टेबलावरचं बोलणं थांबलं. कुणी रागावलं नाही. शेजारच्या बसचालकांनी माझ्या चँटरवर नुसता हात ठेवला. १५१३ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या फ्लॉडनच्या लढाईत मेलेल्या स्कॉटिश लोकांसाठीची ही चाल. अंत्ययात्रेत आणि नोव्हेंबरमधल्या रिमेंबरन्स संडेला युद्धस्मारकापाशीच वाजवायची, एरवी चारचौघांत नाही. शिकायची ती एकट्याने, दार लावून. आपल्याकडे अवेळी भैरवी म्हटली की आजी डोळे वटारायची, ते आठवून मी चँटर खाली ठेवला.

वर्ष संपत आलं तसा माझा धीर सुटला. खरे पाइप कधी, असं विचारलं की काका म्हणायचे, "अजून थोडं." मी रात्री इंटरनेटवर एक पूर्ण संच मागवला. फोटोत झकास, किंमत नव्या चांगल्या संचाच्या दहाव्या हिश्शाची. जगात संख्येने सगळ्यात जास्त बॅगपाइप पाकिस्तानातल्या सियालकोटला बनतात, फुटबॉल बनतात त्याच गावात. तिथे चांगलेही बनत असतील. माझ्याकडे आला तो शिसवीचा, मखमली पिशवीचा, भिंतीवर टांगायचा नमुना. चँटरची भोकं अंदाजाने पाडलेली, ड्रोनचे सांधे मधूनच फुसफुसणारे. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला, मला वाईट वाटू नये म्हणून पिशवीच्या कापडाचं कौतुक केलं आणि दुसऱ्या गुरुवारी मला 'गूस' दिला. बहुधा दयाच आली असावी.

गूस म्हणजे पिशवी आणि चँटर, ड्रोनशिवाय. इथे पहिल्यांदा कळलं की हे वाद्य फुंकून वाजवायचं नसतं. फुंकून पिशवी भरायची आणि काखेने दाबून वाजवायचं. श्वास घेताना हाताचा दाब वाढवायचा, फुंकताना कमी करायचा आणि आतला एकूण दाब केसभरही हलू द्यायचा नाही. हलला की सूर चढतो नाहीतर पडतो. काकांनी एक पारदर्शक रबरी नळी आणली, यू आकारात भिंतीला लावली, अर्धी पाण्याने भरली आणि एक टोक पिशवीला जोडलं. गवंडी पाणसळ बघायला जी नळी वापरतात ती डोळ्यांसमोर आणा. पाण्याच्या पातळीत साधारण तीस इंचांचा फरक पडला की चँटरची रीड बोलते. तिथे भिंतीवर खुणेची पट्टी चिकटवलेली. वाजवताना पाणी त्या पट्टीवरच राहिलं पाहिजे. माझं पाणी लिफ्टसारखं खालीवर. पहिल्या संध्याकाळी चार मिनिटांत डोळ्यांपुढे काजवे चमकले. फुप्फुसं दमतील असं वाटलं होतं, पण आधी दमतात ते ओठ. कोपऱ्यांतून हवा गळायला लागते, लाळही गळते, आणि समोर अकरा वर्षांची मुलगी सराईतपणे वाजवत असते.

पाणी पट्टीवर थांबायला चार महिने लागले. मग एका गुरुवारी टेबलावर माझ्यासमोर एक जुनी पेटी होती.

हे पाइप बँडच्या एका जुन्या पायपरचे. ते गेल्यावर त्यांच्या बायकोने बँडला दिले. लाकूड आफ्रिकन ब्लॅकवुड, टांझानिया-मोझांबिककडचं, इतकं घट्ट की पाण्यात टाकलं तर बुडतं. कड्या हस्तिदंती, चहाच्या डागासारख्या पिवळ्या पडलेल्या. हस्तिदंतामुळे परवान्याशिवाय ते देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळे आईला दाखवायचे तर व्हिडिओवरच. पेटीच्या झाकणात आतून पेन्सिलीने एकाखाली एक सहा नावं आणि वर्षं लिहिलेली होती. हे पाइप ज्यांना ज्यांना वापरायला दिले होते त्यांची. दोन जणांचे फोटो भिंतीवर आहेत. काकांनी मला पेन्सिल दिली. माझं आडनाव त्या रांगेत इतकं लांब दिसलं की शेवटची दोन अक्षरं खाली वळवावी लागली.

त्या रात्री वाजवलं काहीच नाही. सांधे बांधले. प्रत्येक ड्रोनचे तुकडे एकमेकांत सरकतात, सूर जुळवायला ते वर-खाली करावे लागतात. म्हणून सांध्यावर मेणवलेला तागाचा पिवळा दोरा गुंडाळतात. त्याला नुसतं हेम्प म्हणतात. काकांनी टोक अंगठ्याखाली दाबलं, दोरा ताणून, एकाला एक चिकटून, अजिबात न चढता असा फिरवत गेले, वाटेत दोनदा तुकडा बसवून पाहिला. सैल राहिला तर मिरवणुकीत ड्रोनचा वरचा भाग निखळून रस्त्यावर पडतो. घट्ट झाला तर श्वासातल्या ओलाव्याने फुगून असा बसतो की निघतच नाही. बरोबर म्हणजे किती? दोन बोटांनी फिरला पाहिजे आणि उलटा धरून हलवला तरी पडता कामा नये. मी बांधलेला पहिला सांधा पडला. दुसरा अडकला. साडेनऊला हॉलची राखण करणारा दिवे मालवायला आला तेव्हा तिसरा बरा बसला होता. सुरुवातीला एकच ड्रोन चालू ठेवला, बाकी दोघांच्या तोंडात बूच. सहा आठवड्यांनी दुसरा उघडला, दिवाळीच्या सुमारास तिसरा. तिसरा, तो खर्ज, उघडला तेव्हा बरगड्यांत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. रोज वाजवते तरी ते अजून होतं.

पुढच्या ऑगस्टमध्ये बँडबरोबर ग्लासगो ग्रीनला जागतिक स्पर्धेला गेले, पण पाण्याच्या बाटल्या उचलायला. आमचा बँड सर्वांत खालच्या श्रेणीत. गोल करून, प्रेक्षकांकडे पाठ करून वाजवतात आणि परीक्षक हातात पाटी घेऊन भोवती फिरत राहतात, पाइपला दोघं, ढोलांना एक आणि एकत्रित परिणामाला एक. पाच मिनिटांत सगळं संपलं. निकालात आम्ही तळाशी होतो. बसमध्ये त्यावर अवाक्षर निघालं नाही, सगळे सँडविचबद्दल भांडत होते.

गाला डेच्या आधी गणवेश मिळाला. किल्टला आठ वार कापड लागतं. आमच्या आजीच्या नऊवारीला एक वार कमी, पण वजन म्हणाल तर गोधडीचं. डोक्यावर ग्लेनगॅरी टोपी, मागे दोन रिबिनी, पोटावर स्पोरन नावाचा बटवा, पोटऱ्यांपर्यंत लोकरीचे मोजे, आणि जून असला तरी गरम होण्याची फार भीती नाही. जुन्या फोटोंत एकही बाई नाही. बायकांचे वेगळे बँड मात्र होते. इंग्लंडमधल्या डॅगनममध्ये १९३० साली निघालेला मुलींचा पाइप बँड चांगलाच गाजला. आमच्या बँडमध्ये आता निम्म्या आम्हीच आहोत.

मला मधल्या रांगेत, दोन्हीकडून जाणत्यांच्या मधे ठेवलं. पाइपी सगळ्यात पुढे उजव्या कोपऱ्यात. "बाय द राइट, क्विक मार्च!" ढोलांचे दोन रोल. पहिल्याच्या शेवटी पिशवीवर हात पडतो, ड्रोन जागे होतात. दुसऱ्याच्या शेवटी सगळ्या चँटरमधून एकदम ई आणि तिथून चाल. कुणाचा चँटर आधी बोलला तर भर गावात लाज. मला तेवढ्याचीच धास्ती होती आणि ते नीट जमलं. चढावर श्वास पुरला. शाळेपाशी लेक ढोलांच्या रांगेतून माझ्या पाठीकडे बघत असणार हे कळत होतं. चिप्सच्या दुकानापाशी वळताना दोन सूर चुकले, ते ढोलांनी गिळले. आणि मैदानात पोचल्यावर पाइपींनी खूण केली, सगळे एका फटक्यात थांबले.

मी सोडून. थांबताना काखेतला दाब झटकन काढून घ्यायचा असतो. माझा हात घाबरून आणखीच आवळला. सगळ्या मैदानात, राणीचं भाषण सुरू व्हायच्या बेतात, माझे तीन ड्रोन रेड्यासारखे हंबरत खाली खाली गेले. फार तर तीन सेकंद. राणी मुकुट सावरून हसायला लागली. ती आमच्या टेबलावरचीच.

सप्टेंबरात सराव पुन्हा सुरू झाला. मी हॉलवर पोचले तर माझ्या खुर्चीत दुसरंच कुणी आणि वर रेडिएटरच्या बाजूला एक खुर्ची मोकळी. मी पर्स तिथे ठेवली. काकांनी ती उचलली, खाली चालत गेले आणि टेबलाच्या अगदी शेवटच्या टोकाला ठेवली. तिथे सात-आठ वर्षांची एक मुलगी बसली होती, पाय जमिनीला न टेकणारी. तिची आई मागच्या खुर्चीवर फोन बघत होती.

"हिला दे," म्हणत त्यांनी मला एक चँटर दिला आणि गेले.

तिची करंगळी खालच्या भोकापर्यंत पोचत नव्हती. मी उठून कपाटातून लहान मुलांचा छोटा चँटर शोधून आणला, फडक्याने पुसला, तिची बोटं एकेक करून भोकांवर ठेवली. तिने गाल फुगवून फुंकलं. मग तोंडातून काढून चँटरकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "हे बदकासारखं वाजतंय."

"वर्षभर वाजतं," मी म्हटलं. "गाल फुगवू नकोस."